सानेयेव, व्हिक्टर

(३ ऑक्टोबर १९४५ – ३ जानेवारी २०२२). तिहेरी उडीतील सोव्हिएत खेळाडू. जन्म काळ्या समुद्राकाठच्या सुखुमी (जॉर्जिया) येथे. १९६८, १९७२ व १९७६ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. तिहेरी उडीत असे दुसऱ्या कोणाला जमलेले नाही. सुरुवात उंच उडीने झाली. पुढे प्रशिक्षक अकोप केर्सेल्यान यांनी त्याला तिहेरी उडीकडे वळवले.

या प्रकारात धावत येऊन ज्या पायाने फळीवरून उडायचे त्याच पायावर उतरायचे, तिथून ढांग टाकून दुसऱ्या पायावर, आणि मग वाळूत. पहिल्याच लंगडीत हावरेपणा केला की वेग मोडतो आणि मधली ढांग आखूड पडते. सानेयेवची मधली ढांग कोसळत नसे, आणि शेवटच्या उडीसाठी त्याच्याजवळ वेग शिल्लक राहत असे.

त्याची खरी ओळख पटली ती मेक्सिको सिटीत. पोलंडच्या युझेफ श्मिटचा १७.०३ मीटरचा विश्वविक्रम १९६० पासून टिकून होता. १६ ऑक्टोबर १९६८ रोजी इटलीच्या जेंतिलेने पात्रता फेरीतच १७.१० मी. उडी मारून तो मोडला आणि दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत १७.२२ मी. गाठले. सानेयेवने त्यावर एकच सेंटिमीटर चढवला : १७.२३. पाचव्या फेरीत ब्राझीलचा प्रुदेन्सियो १७.२७ वर गेला. सानेयेवच्या हाती आता एकच उडी होती. ती पडली १७.३९ मीटरवर. दोन दिवसांत विक्रम पाच वेळा बदलला होता. उंचावरच्या विरळ हवेचा फायदा झाला हे खरे, पण तो सगळ्यांनाच मिळाला; वाराही नियमात बसणाऱ्या कमाल मर्यादेवर, सेकंदाला बरोबर २ मीटर होता.

१९७१ मध्ये क्यूबाच्या पेरेस द्वेन्यासने १७.४० मी. उडी मारून हा विक्रम हिरावला. सानेयेवने तो १७ ऑक्टोबर १९७२ रोजी, म्हणजे मेक्सिकोच्या त्या दिवसानंतर नेमक्या चार वर्षांनी, आपल्याच सुखुमीत १७.४४ मी. उडीने परत मिळवला. १९७५ मध्ये ब्राझीलच्या जोआंव कार्लोस दे ऑलिव्हेराने एकदम १७.८९ मी. गाठल्यावर मात्र तो पुन्हा हाती लागला नाही. तरीही पुढच्या वर्षी माँट्रिऑलला सुवर्ण सानेयेवचेच, १७.२९ मी. उडीवर. आकड्यांत मागे पडलेला माणूस स्पर्धेत पुढे राहिला, म्हणून तीन सुवर्णांत हे सर्वांत कसदार मानावे लागते. यापूर्वी म्यूनिकमध्ये (१९७२) १७.३५ मी. पुरले होते.

मॉस्कोत (१९८०) स्टेडियममध्ये ज्योत घेऊन आला तो सानेयेवच. वय चौतीस. शेवटच्या प्रयत्नात त्याने १७.२४ मी. गाठले, सोव्हिएत संघातलाच एस्टोनियन याक उडमे १७.३५ मी. उडीवर जिंकला. अवघ्या ११ सेंटिमीटरने चौथे सुवर्ण हुकले, नाहीतर थाळीफेकीतल्या अमेरिकेच्या अल ऑर्टरची बरोबरी झाली असती. ऑलिव्हेरा आणि ऑस्ट्रेलियाचा कॅम्पबेल यांच्या बहुतेक उड्या पंचांनी बाद ठरवल्यामुळे ही स्पर्धा वादग्रस्तही ठरली.

सोव्हिएत संघ फुटल्यानंतरच्या धामधुमीत तो ऑस्ट्रेलियाला गेला. तेथे आधी शाळेत व्यायामशिक्षक, नंतर उड्यांचा प्रशिक्षक म्हणून त्याने काम केले. सिडनी येथे त्याचे निधन झाले.