यादीत नाही म्हणजे पुस्तक निघालंच नाही?

‘देशात छापलेलं प्रत्येक पुस्तक राष्ट्रीय ग्रंथालयात असतंच, तिथे सापडलं नाही तर ते कधी निघालंच नाही,’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

समज अगदीच निराधार नाही. प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयात जमा करावी, असा कायदा बऱ्याच देशांत आहे. फ्रान्समध्ये तशी राजाज्ञा १५३७ सालीच निघाली. पण कायदा प्रत मागतो, म्हणून ती पोचतेच असं नाही. लेखकाने स्वखर्चाने काढलेली दोनशे प्रतींची पुस्तिका बऱ्याचदा ओळखीपाळखीत वाटण्यातच संपते. कायद्याआधीची पुस्तकं देणगीतून किंवा खरेदीतून आली तेवढीच. शिवाय आलेल्या प्रतीची नोंद व्हायलाही वेळ लागतो.

खात्री करायची तर ऑनलाइन यादीत आधी पुस्तकाचं नाव टाका, मग लेखकाचं आडनाव, तेही वेगवेगळ्या स्पेलिंगने. (रोमन लिपीतल्या नोंदींत एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असू शकतं.) तरी नाही मिळालं, तर प्रकाशक आणि साल कळवून ग्रंथपालांना विचारा, अशा चौकशा हे त्यांचं रोजचंच काम. आणि पुस्तक हातातच असेल, तर शीर्षकपानाची मागची बाजू बघा. प्रकाशक, मुद्रक, आवृत्तीचं साल बहुधा तिथेच छापलेलं असतं.