मिस्टर मॅजिक

मिस्टर मॅजिक म्हणजे जॉन रिवास (१९५६-२००९), न्यूयॉर्कचा रेडिओ डीजे. ७० च्या दशकाच्या शेवटी रॅप होतं कुठे, तर न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या पार्कात, पार्ट्यांमध्ये आणि हातोहात फिरणाऱ्या कॅसेटवर, रेडिओवाले त्याला दारातही उभं करत नव्हते. मग या पठ्ठ्याने डब्ल्यूएचबीआय स्टेशनवर वेळच विकत घेतली, म्हणजे तिथे पैसे भरले की कुणालाही कार्यक्रम करता यायचा, आणि हा रात्री उशिरा तिथे बसून रॅपच्या रेकॉर्ड लावायचा.

१९८२ मध्ये डब्ल्यूबीएलएस या मोठ्या स्टेशनने त्याला घेतलं आणि 'रॅप अटॅक' सुरू झाला. मोठ्या कमर्शियल स्टेशनवरचा निव्वळ रॅपचा हा पहिला शो मानतात. टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवायला, मार्ली मार्ल, जो पुढे स्वतःच मोठा प्रोड्युसर झाला. पोरं रेडिओपाशी कॅसेट लावून अख्खा शो टेप करायची. त्याच वर्षी हूडिनी या रॅप ग्रुपने तर त्याच्यावरच 'मॅजिक्स वाँड' हे गाणं काढलं.

आता स्वभाव. गाणं आवडलं तर डोक्यावर घेणार, नाही आवडलं तर ऑन एअर वाभाडे काढणार, मधलं काही नाही. पब्लिक एनिमी या रॅप ग्रुपला त्याने असंच झोडपलं, तर त्यांनी त्याचंच ते बोलणं उचलून १९८८ च्या आपल्या अल्बममध्ये घातलं (याला म्हणतात परतफेड). त्याच्याभोवती जमलेल्या रॅपर्सचा जूस क्रू झाला, त्यात रोक्सॅन शांते, बिग डॅडी केन, बिझ मार्की अशी मंडळी. समोर किस एफएम या दुसऱ्या स्टेशनवर कूल डीजे रेड अलर्ट, त्यामुळे स्टेशनं आमनेसामने, डीजे आमनेसामने, आणि क्वीन्सब्रिज (जूस क्रूची बाजू) विरुद्ध साउथ ब्रॉन्क्स (रेड अलर्टची बाजू) हे न्यूयॉर्कच्या दोन वस्त्यांमधल्या रॅपर्सचं गाण्यांतलं भांडण पेटलं तेव्हा ह्या दोघांचे शो म्हणजे दोन्ही बाजूंचे भोंगेच झाले होते.

८० चं दशक संपताना शो बंद झाला. पण १९९४ मध्ये नॉटोरियस बी.आय.जी. या रॅपरने 'जूसी' गाण्यात लहानपणच्या आठवणी काढताना रॅप अटॅक, मॅजिक आणि मार्ली मार्लची नावं घेतलीच. २००९ मध्ये हार्ट अटॅकने मॅजिक गेला.

आणि हो, सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ज्यांनी जीटीए व्हाइस सिटी हा व्हिडिओ गेम खेळलाय त्यांनी ह्याला ऐकलेलं असू शकतं, गाडी पळवून गेममधल्या रेडिओवर स्टेशन बदलता बदलता वाइल्डस्टाइल स्टेशन लागायचं ना, त्यावर गाण्यांच्या मध्ये बोलणारा तो हाच.