क्वार्टरबॅक पाहण्याचा कार्यक्रम

अमेरिकेत दर वर्षी फेब्रुवारीच्या शेवटी क्वार्टरबॅकची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूची, वीत किती भरली यावर गंभीर चर्चा होते. वीत म्हणजे आपलीच वीत, बोटं ताणून अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. कॉलेजचा फुटबॉल संपवून व्यावसायिक खेळात शिरू पाहणारी तीनशेवर मुलं इंडियानापोलिसला जमतात. तिथे त्यांची उंची-वजन घेतात, 40 यार्ड पळवतात, डॉक्टर सांधे पिळून बघतात आणि पट्टीवर पंजा ठेवायला लावून वीत मोजतात. वीत लहान असली तर थंडीपावसात चेंडू हातातून निसटेल, अशी समजूत आहे. 2020 साली जो बरो या क्वार्टरबॅकची वीत नऊ इंच भरली, तेव्हा एवढ्याशा हातांनी काय खेळणार, निवृत्तच होतो, अशी त्याने स्वतःचीच थट्टा केली. दोन महिन्यांनी सिनसिनाटीने त्याला सगळ्यांत पहिला उचलला आणि दुसऱ्याच हंगामात तो संघाला सुपर बोलपर्यंत, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला.

हे सगळं वाचताना मला आपल्याकडचा पाहण्याचा कार्यक्रम आठवतो. उंची किती, जरा चालून दाखव, मार्क किती, काही दुखणं वगैरे? मग पाठीमागून ओळखीपाळखीत चौकशी, 'स्वभावाने कसा आहे हो?' इथे वरपक्षाच्या जागी 32 संघ, आणि एकेका होकाराची किंमत कोट्यवधी डॉलर.

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. जवळजवळ प्रत्येक डाव क्वार्टरबॅकच्या हातात चेंडू पडून सुरू होतो. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर धावून येत असतात आणि दोन-अडीच सेकंदांत त्याला ठरवायचं असतं की फेकायचा कुणाकडे, की फेकायचाच नाही. बाकी कुठल्याही जागेवर बरा खेळाडू मिळाला तरी निभतं. या जागेवर चूक झाली तर संघ तीन-चार वर्षं मागे जातो आणि सोबत प्रशिक्षकाची नोकरीही जाते.

ड्राफ्टची, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजची मुलं निवडण्याच्या पद्धतीची, सुरुवात मात्र अगदी साधी होती. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांचा संघ सारखा हरायचा आणि चांगली पोरं श्रीमंत संघ पळवायचे. त्यांनी सुचवलं की कॉलेजच्या पोरांची यादी करू आणि सगळ्यांत तळाच्या संघाने पहिला हात घालावा. 8 फेब्रुवारी 1936 ला फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात नऊ संघांनी फळ्यावर लिहिलेल्या नावांतून प्रत्येकी नऊ नावं उचलली. त्या वेळी स्काउट, म्हणजे गावोगाव खेळाडू हेरणारे, नव्हते, चित्रफिती नव्हत्या. वर्तमानपत्रांतली कात्रणं आणि ओळखीच्या प्रशिक्षकाचा शब्द, एवढ्यावर काम चाललं. इतिहासातली पहिली निवड होती शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. तो व्यावसायिक फुटबॉल एक दिवसही खेळला नाही. पैशांचं जमलं नाही, पठ्ठ्या नोकरीला लागला. म्हणजे पहिलीच निवड वाया!

तेव्हा क्वार्टरबॅकचं कुणाला कौतुकही नव्हतं. त्या काळच्या मांडणीत चेंडू थेट मागच्या धावणाऱ्याकडे जायचा आणि क्वार्टरबॅक बहुतेक वेळा आडवं पडून वाट मोकळी करायचा. शिकागो बेअर्सने 'टी' मांडणी आणली आणि 1939 साली कोलंबिया विद्यापीठाच्या सिड लकमनला घेऊन त्याला तिच्या मधोमध उभा केला. चेंडू आधी त्याच्या हातात, पुढचं सगळं त्याच्या डोक्यात. 1940 च्या अंतिम सामन्यात बेअर्सने वॉशिंग्टनचा 73-0 असा फडशा पाडला. त्यानंतर ही मांडणी सगळ्यांनाच हवी झाली, आणि ती चालवू शकेल असा मुलगा ओळखायचा कसा हा प्रश्नही तिथेच जन्माला आला.

त्या प्रश्नाचं पहिलं मोठं चुकलेलं उत्तर म्हणजे जॉनी युनायटस. 1955 साली पिट्सबर्गने त्याला नवव्या फेरीत घेतला आणि हंगाम सुरू होण्याआधीच घरी पाठवला. प्रशिक्षकांना तो डोक्याने मंद वाटला, असं सांगतात. पोरगा बांधकामावर राबला आणि सामन्याला सहा डॉलरवर गावठी मैदानांवर खेळला. पुढच्या वर्षी बाल्टिमोरने बोलावलं, आणि 1958 साली त्याने जिंकून दिलेला अंतिम सामना व्यावसायिक फुटबॉलला टीव्हीवर लोकप्रिय करणारा सामना मानला जातो.

नजरेवर विसंबणं धोक्याचं आहे, हे डॅलस काउबॉइज संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी ओळखलं. आता एक गंमत ऐका, इथे भारत येतो. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला श्रॅम यांना संगणकाचं वेड लागलं आणि त्यासाठी आयबीएमच्या एका उपकंपनीतून जो माणूस त्यांच्याकडे आला, तो होता भारतातून गेलेला संख्याशास्त्रज्ञ, सलाम कुरेशी. गृहस्थांना क्रिकेट माहीत होतं, अमेरिकन फुटबॉलचा गंध नव्हता. त्यामुळे 'चांगला खेळाडू म्हणजे काय?' हा बाळबोध प्रश्न ते बिनदिक्कत विचारू शकले. प्रशिक्षक आणि स्काउट जी शेकडो विशेषणं वापरत, ती एकमेकांत मिसळलेली होती. 'चपळ' म्हणजे एकाच्या मते वेगवान, दुसऱ्याच्या मते हुशार. कुरेशींनी ती गाळून गाळून पाच गुणांवर आणली. चारित्र्य, चपळाई व शरीरावरचा ताबा, ईर्ष्या, बुद्धीची तरतरी, आणि ताकद. प्रत्येकासाठी नेमकी वाक्यं ठरवली, म्हणजे टेक्ससमधला स्काउट आणि ओहायोतला स्काउट गुण देतील तेव्हा दोघांची मोजपट्टी एकच असेल. आजही स्काउटांचे अहवाल अशाच रकान्यांवर चालतात. क्रिकेटवाल्या माणसाने फुटबॉलला रकाने दिले, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

गंमत अशी, की याच काउबॉइजचा त्या दशकातला सर्वांत लाभाचा क्वार्टरबॅक संगणकापेक्षा धीराने मिळाला. 1964 साली रॉजर स्टॉबॅक दहाव्या फेरीपर्यंत कुणी घेतला नव्हता, कारण त्याला आधी नौदलात नोकरी करायची होती. डॅलसने घेऊन ठेवला, 1969 पर्यंत वाट पाहिली आणि पुढे त्याच्यासोबत दोन सुपर बोल जिंकले.

'बुद्धीची तरतरी' आणि 'चारित्र्य' हे रकाने दिसायला निर्मळ, पण त्यांत बरंच काही लपायचं. कृष्णवर्णीय मुलगा कॉलेजात कितीही चांगला क्वार्टरबॅक असो, व्यावसायिक संघ त्याला जागा बदलायला सांगत. पळतोस चांगला, मग झेल घे. मैदान वाचणं, संघ चालवणं त्याला जमणार नाही, हे गृहीतच धरलेलं. वॉरेन मून वॉशिंग्टन विद्यापीठाकडून रोझ बोल या कॉलेजच्या मोठ्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी 1978 च्या ड्राफ्टकडून फारशी आशा धरू नकोस, असंच चित्र त्याच्यापुढे होतं. त्याने जागा बदलायला नकार दिला आणि ड्राफ्टआधीच कॅनडाची वाट धरली. बारा फेऱ्या झाल्या, त्याचं नाव कुणी घेतलं नाही. कॅनडातल्या एडमंटनसाठी त्याने सलग पाच वेळा ग्रे कप, म्हणजे तिथलं विजेतेपद, जिंकलं, मग ह्यूस्टनने त्याला परत आणला. 2006 साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला, तिथला पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक.

त्याच 1978 साली टॅम्पा बेने मात्र डग विल्यम्सला पहिल्या फेरीत उचलला. त्याला पारखायला लुइझियानातल्या ग्रँबलिंगला गेला होता जो गिब्स नावाचा सहायक प्रशिक्षक. नुसता सराव पाहून परतायचं नाही, तर मुलाबरोबर बसायचं, बोलायचं, वर्गात कसा वागतो ते बघायचं, असं त्याने केलं आणि 'घ्या' म्हणून सांगितलं. दहा वर्षांनी, जानेवारी 1988 मध्ये, गिब्स वॉशिंग्टनचे मुख्य प्रशिक्षक होते आणि विल्यम्स त्यांचा क्वार्टरबॅक. सुपर बोलच्या चार भागांपैकी एकट्या दुसऱ्या भागात विल्यम्सने चार टचडाउन पास फेकले, म्हणजे असे पास की झेलणारा चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोचतो आणि गुण मिळतात. माझ्या मते क्वार्टरबॅक पारखण्याच्या सगळ्या इतिहासात ही सर्वांत नीट केलेली परीक्षा आहे, आणि तीत स्टॉपवॉच कुठेच नव्हतं.

सगळ्यांना एकाच ठिकाणी स्टॉपवॉच लावणं आलं ते 1980 च्या दशकात. 1982 मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पात एकत्रित शिबिर सुरू झालं. मूळ हेतू काटकसरीचा होता, प्रत्येक संघाने त्याच मुलाची वेगळी वैद्यकीय तपासणी कशाला करायची? 1987 पासून हे शिबिर इंडियानापोलिसला गेलं ते तिथेच रुजलं. त्याच शिबिरात मुलांना 12 मिनिटांत 50 प्रश्नांची 'वंडरलिक' परीक्षा द्यावी लागे. कारखान्यांत नोकरभरतीसाठी वापरतात तसली ही परीक्षा. 1983 साली पहिल्या फेरीत विक्रमी सहा क्वार्टरबॅक गेले. त्यांतला शेवटचा, 27 व्या क्रमांकाचा, डॅन मरिनो. त्याचे वंडरलिकचे गुण पंधरा-सोळा असल्याचं सांगतात. दुसऱ्याच हंगामात त्याने 5,084 यार्ड आणि 48 टचडाउनचे पास फेकून विक्रम केले.

मग आली 1998 ची जोडी, पेटन मॅनिंग आणि रायन लीफ. आज हसू येतं, पण तेव्हा यांत सरस कोण यावर तज्ज्ञांचे खरोखर दोन तट होते. लीफचा हात जास्त दणकट, अंगाने तो भरदार. इंडियानापोलिसने मॅनिंगला घेतला. दुसऱ्या क्रमांकासाठी सॅन डिएगोने भरमसाट मोबदला दिला आणि लीफला आणला. त्या हंगामात कॅन्सस सिटीविरुद्ध लीफने 15 पासांपैकी एकच पूर्ण केला, चार यार्डांचा. वर्षभरात दोन टचडाउन, 15 इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानेच झेललेले पास. मात्र मॅनिंगचं पहिलं वर्षही कोणी आठवत नाही. 28 इंटरसेप्शन, संघ 13 सामने हरला. फरक एवढाच, की एक जण हरत असताना शिकत होता आणि दुसरा चिडत होता. शिबिरातल्या कुठल्या यंत्राने हे मोजलं असतं?

दोनच वर्षांनी टॉम ब्रेडी. चड्डीवर उभा असलेला त्याचा तो किडकिडीत फोटो बहुतेकांनी पाहिला असेल. 40 यार्डांना 5.28 सेकंद. निवड 199 वी, आणि त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक गेले. नंतर सगळे म्हणू लागले की याच्यातलं काही दिसतच नव्हतं. पण दिसत होतं की! चारच महिन्यांपूर्वी, जानेवारी 2000 मध्ये ऑरेंज बोल या कॉलेजच्या सामन्यात अलाबामाविरुद्ध त्याचा संघ मिशिगन दोनदा 14 गुणांनी मागे होतं, आणि ब्रेडीने सामना ओढून जादा वेळेत जिंकून दिला. देशभर टीव्हीवर दिसला होता तो सामना. न्यू इंग्लंडमध्ये ब्रेडीसाठी आग्रह धरणारा माणूस म्हणजे क्वार्टरबॅकांचे प्रशिक्षक डिक रेबाइन. ऑगस्ट 2001 मध्ये त्यांचं अचानक निधन झालं. पुढच्याच महिन्यात मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला आणि ब्रेडी मैदानात उतरला. आपण निवडलेला मुलगा सात सुपर बोल जिंकणार, यातलं काहीच रेबाइन यांनी पाहिलं नाही.

पूर्वी चूक फार महाग पडे. 2010 चा पहिला क्रमांक सॅम ब्रॅडफर्ड याचा करार 78 दशलक्ष डॉलरचा होता, त्यातले 50 दशलक्ष हमीचे. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2011 च्या नव्या करारनाम्याने नवख्यांच्या पगाराला लगाम घातला आणि त्या वर्षीच्या कॅम न्यूटनला सुमारे 22 दशलक्ष मिळाले. चूक स्वस्त झाली तसा संघांचा धीरही आटला. पूर्वी गुंतलेल्या पैशांपायी चार वर्षं थांबत, आता दोन वर्षांत दुसरा मुलगा बघायला निघतात.

पारख अवघड होण्याचं आणखी एक कारण कॉलेजच्या खेळात आहे. तिथे बरेच संघ डाव ठरवायला प्रत्येक वेळी घोळका करत नाहीत. बाहेरून चित्रांचे फलक दाखवून डाव सांगतात आणि क्वार्टरबॅकने अर्धंच मैदान वाचलं तरी चालतं. व्यावसायिक खेळात शिरस्त्राणातल्या रेडिओवरून लांबलचक डाव कानात पडतो, घड्याळावर 15 सेकंद उरले की आवाज बंद. त्याने तो दहा जणांना सांगायचा, समोरची मांडणी पाहून गरज पडली तर बदलायचा. मुलगा हे करू शकेल का याचा पुरावा कॉलेजच्या चित्रफितीत नसतोच. म्हणून संघ त्याला खोलीत फळ्यासमोर उभा करतात आणि डाव समजावून सांगायला लावतात. वंडरलिक 2022 मध्ये शिबिरातून गेली, तिच्या जागी संगणकावरच्या आकलनचाचण्या आल्या. 2023 मध्ये अशाच एका चाचणीतले सी. जे. स्ट्राउडचे फार कमी गुण बाहेर फुटले. त्याच वर्षी तो आक्रमणातला सर्वोत्तम नवखा खेळाडू ठरला. चाचणीत अव्वल ठरलेल्या आणि त्याच्या आधी निवडलेल्या ब्राइस यंगला मात्र दुसऱ्या हंगामात दोन सामन्यांनंतर बाकावर बसवावं लागलं.

पाहण्याच्या कार्यक्रमात एक गोष्ट मात्र कुणी मोजत नाही, ती म्हणजे मुलगा ज्या घरात जाणार ते घर. 2002 साली ह्यूस्टनच्या नव्या कोऱ्या संघाने डेव्हिड कारला पहिला घेतला, आणि त्याच्यापुढे उभ्या केलेल्या फळीने त्याला एका हंगामात 76 वेळा आडवा होऊ दिला. तो विक्रम अजून टिकून आहे. 2005 चा पहिला अॅलेक्स स्मिथ. सॅन फ्रान्सिस्कोत जवळजवळ दर वर्षी त्याचा आक्रमणाचा प्रशिक्षक बदलला आणि लोकांनी त्याला वाया गेलेला ठरवला. त्याच ड्राफ्टमध्ये 24 व्या क्रमांकापर्यंत ताटकळलेला अॅरन रॉजर्स ग्रीन बेमध्ये तीन वर्षं बाकावर बसून शिकला. स्मिथला पुढे चांगले प्रशिक्षक मिळाले, तो सावरला आणि कॅन्सस सिटीला गेला. 2017 मध्ये दहाव्या क्रमांकावर घेतलेला पॅट्रिक महोम्स वर्षभर याच स्मिथच्या मागे बसला. पुढच्या वर्षी महोम्सने 50 टचडाउन फेकले.

2018 च्या ड्राफ्टमध्ये हे अधिक ठळक दिसतं. पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले. सर्वांत घोटीव म्हणवला गेलेला जॉश रोझन एका वर्षात अॅरिझोनाने दुसऱ्याला देऊन टाकला. नेम सुधारत नसतो म्हणून ज्याची टिंगल झाली तो जॉश अॅलन बफेलोत सुधारला आणि 2024 चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. जागा बदल असा सल्ला ज्याला 2018 सालीही मिळाला, तो लामार जॅक्सन सगळ्यांत शेवटी, 32 वा गेला आणि एकमताने 2019 चा सर्वोत्तम ठरला.

तिसऱ्या क्रमांकाचा सॅम डार्नल्ड न्यूयॉर्क जेट्सकडे होता. ऑक्टोबर 2019 मध्ये न्यू इंग्लंडविरुद्ध त्याचे चार इंटरसेप्शन झाले, त्या सामन्यात बाकावर बसून तो म्हणाला, मला भुतं दिसतायत. अंगावरच्या माइकमुळे ते देशभर ऐकू गेलं. जेट्सने सोडला, कॅरोलायनाने सोडला. 2024 साली मिनेसोटाने त्याला एका वर्षापुरता घेतला. त्यानंतरच्या ड्राफ्टमध्ये त्यांनी दहाव्या क्रमांकावर घेतलेला जे. जे. मॅकार्थी अजून कच्चा होता आणि तोही नेमका जायबंदी झाला. डार्नल्डने 14 सामने जिंकून दिले. मार्च 2025 मध्ये मिनेसोटाने मॅकार्थीवरच भरवसा ठेवला आणि डार्नल्ड सिअॅटलला गेला.