टीएनएफ : ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर

ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, थोडक्यात टीएनएफ, हे प्रतिकारयंत्रणेतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी स्रवतात ते प्रथिन. अशा प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. जंतू शरीरात शिरल्यावर सर्वांत आधी जी सायटोकाइने स्रवतात, त्यांत टीएनएफ असते. ताप चढणे, जखमेभोवती लाली व सूज येणे, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे बऱ्याच अंशी त्याच्यामुळे आणि त्याच्या जोडीने काम करणाऱ्या इंटरल्यूकिन-1 व इंटरल्यूकिन-6 यांच्यामुळे दिसतात. क्षयाच्या जंतूला फुप्फुसात जखडून ठेवण्याचे काम टीएनएफ करते, आणि आमवातात बोटांचे सांधे पोखरण्यातही त्याचाच हात असतो. ग्वाल्हेर परिसरात क्षय अजून भरपूर आहे. त्यामुळे इथे टीएनएफची ही दोन्ही कामे एकत्र ध्यानात घ्यावी लागतात, आणि या नोंदीत त्याच भागाला जास्त जागा दिली आहे.

शोध

न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांना तीव्र जंतुसंसर्गानंतर कर्करोगाची गाठ विरघळल्याचे उदाहरण आढळले होते. त्यावरून 1891 पासून ते रुग्णांना मुद्दाम जंतू टोचू लागले. हे घडते कशाने, याचा माग बऱ्याच वर्षांनी लागला. 1975 मध्ये न्यूयॉर्कमध्येच एलिझाबेथ कार्सवेल, लॉइड ओल्ड आणि सहकाऱ्यांनी आधी बीसीजी ही क्षयाची लस व नंतर जंतुविष टोचलेल्या उंदरांच्या रक्तद्रवात गाठ मारणारा घटक दाखवला आणि त्याला आजचे नाव दिले. त्याच सुमारास अँथनी सेरामी वेगळ्याच प्रश्नामागे होते : दीर्घ संसर्गात प्राणी खंगतो कशाने? त्यांना व ब्रूस ब्युटलर यांना सापडलेले ‘कॅकेक्टिन’ हे टीएनएफच आहे, हे 1985 मध्ये उघड झाले. कर्करोगावरचे औषध म्हणून मात्र टीएनएफ फारसे चालले नाही. गाठ मरेल एवढी मात्रा रक्तात सोडली की रक्तदाब कोसळतो.

कार्य

टीएनएफचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर, ऊतींची जुळणी ठरवणाऱ्या जनुकांच्या शेजारी आहे. मुख्यतः जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी ते तयार करतात. टी पेशी, एनके पेशी व मास्ट पेशी या इतर प्रतिकारपेशीही करतात. सुरुवातीला ते पेशीच्या पटलात रुतलेले असते. टेस नावाचे विकर (एन्झाइम) ते कापून मोकळे करते. अशा तीन रेणूंचा त्रिकूट जमला की तो दुसऱ्या पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतो.

ग्राही दोन प्रकारचे असतात. पहिला जवळजवळ सगळ्या पेशींवर असतो. त्याच्यावाटे आलेला निरोप बहुतेक वेळा एनएफ-कप्पा-बी या नियंत्रक प्रथिनाला जागे करतो. मग पेशी तग धरते आणि दाह वाढवणारी आणखी प्रथिने बनवू लागते. पण आतली काही प्रथिने जागेवर नसतील तर तोच निरोप पेशीला मरणाकडे नेतो. दुसरा ग्राही प्रामुख्याने प्रतिकारपेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर असतो, आणि त्याला पटलातच रुतलेले टीएनएफ अधिक मानवते. दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशींना त्याच्यामुळे बळ मिळते. म्हणून टीएनएफ फक्त आग भडकवते असे म्हणणे अपुरे आहे, आणि ते पूर्ण दाबून टाकण्याचे दुष्परिणाम का होतात याचे एक कारण इथेच आहे.

टीएनएफ एका ठिकाणी, थोड्या वेळापुरते स्रवले तर रक्तवाहिन्यांचे अस्तर चिकट होते, पांढऱ्या पेशी तिथे थांबून ऊतीत शिरतात आणि संसर्ग आटोक्यात येतो. तेच सगळ्या रक्तात एकदम पसरले तर वाहिन्या सैलावतात, गळू लागतात आणि रुग्ण शॉकमध्ये जातो. जंतुदोषाच्या अशा रुग्णांना टीएनएफ-रोधक देऊन वाचवण्याचे प्रयत्न 1990च्या दशकात झाले. प्राण्यांमध्ये साधलेला गुण माणसांत आला नाही.

क्षय आणि ग्वाल्हेर-चंबळ

क्षयाचा जंतू फुप्फुसात शिरला की मॅक्रोफेज त्याला गिळतात, पण बहुधा मारू शकत नाहीत. तेव्हा टीएनएफच्या हाकेने आणखी पेशी जमतात आणि जंतूभोवती गोल भिंत उभारतात. हाच ग्रॅन्युलोमा. ही भिंत एकदा बांधली की काम संपले, असे होत नाही. ती टिकवायला टीएनएफ सतत लागते. देशात 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार 15 वर्षांवरील सुमारे 31 टक्के लोकांच्या शरीरात क्षयाचा संसर्ग आहे. त्यांतले बहुतेक आयुष्यभर आजारी पडत नाहीत, याचे मोठे श्रेय या भिंतीला आहे.

ग्वाल्हेर, शिवपुरी, श्योपूर, मुरैना या पट्ट्यात राहणाऱ्या सहरिया आदिवासींमध्ये क्षयाचे प्रमाण देशात अतिशय चढे आहे. श्योपूर जिल्ह्यातल्या कराहल भागातील पाहणीत ते दर लाखामागे दीड हजाराच्या आसपास आढळले. वर उल्लेखलेल्या राष्ट्रीय पाहणीतला 15 वर्षांवरील लोकांचा आकडा 316 होता. कुपोषण आणि दाट, कोंदट वस्ती ही यामागची मोठी कारणे आहेत. याच पट्ट्यात वालुकाश्माच्या खाणी आहेत. दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ मॅक्रोफेज गिळतात, ती त्यांना पचत नाही, आणि त्या सतत टीएनएफ सोडत राहतात. टीएनएफ निष्प्रभ केले तर सिलिका देऊनही उंदरांच्या फुप्फुसात व्रणऊती वाढत नाही, हे 1990 मध्ये दाखवले गेले. मात्र सिलिकाने मॅक्रोफेज जखमी होत असल्याने खाणकामगाराला क्षयाचाही धोका वाढतो. टीएनएफ भरपूर असूनही भिंत कमकुवत राहते. धुळीने होणारा फुप्फुसाचा हा आजार, म्हणजे सिलिकोसिस, औषधाने उलटत नाही. धूळ अडवणे एवढाच खरा उपाय आहे, आणि तो मजुराच्या नव्हे, खाण चालवणाऱ्याच्या हातात असतो.

टीएनएफ-रोधक औषधे

लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात रविंदर मैनी व मार्क फेल्डमन यांनी 1992 मध्ये आमवाताच्या रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड देऊन पाहिले. वर्षानुवर्षे सकाळी बोटे आखडलेल्या रुग्णांना काही आठवड्यांतच आराम पडला. सांध्याच्या अस्तरात दाह घडवणाऱ्या अनेक सायटोकाइनांपैकी एकच अडवले तरी बाकीची शमतात, हे त्यातून कळले. संधिवातशास्त्रात इतका पालट घडवणारी घटना मला दुसरी दिसत नाही. इन्फ्लिक्सिमॅब आणि इटॅनरसेप्ट या टीएनएफ-रोधकांना अमेरिकेत 1998 मध्ये, अ‍ॅडालिमुमॅबला 2002 अखेर मान्यता मिळाली. आमवाताखेरीज कण्याचा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, सोरायसिस, आतड्यांचा क्रोन आजार व डोळ्यांतला युव्हिआयटिस यांतही ती वापरतात. डिसेंबर 2014 मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने अ‍ॅडालिमुमॅबचे बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधाशी जवळजवळ सारखे औषध, आणले आणि ही महाग इंजेक्शने आपल्याकडे थोडी आवाक्यात आली.

2001 मध्ये इन्फ्लिक्सिमॅब घेतल्यावर क्षय झालेल्या 70 रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. क्षय उद्भवण्याचा मध्यक काळ 12 आठवडे होता, आणि निम्म्याहून अधिक रुग्णांत तो फुप्फुसाबाहेर होता. टीएनएफ काढून घेतल्यावर भिंत ढासळली होती. इटॅनरसेप्टने हा धोका इन्फ्लिक्सिमॅब व अ‍ॅडालिमुमॅब या प्रतिपिंडांपेक्षा कमी असतो, पण असतोच. म्हणून औषध सुरू करण्याआधी घरात कोणाला क्षय झाला होता का हे विचारतात, छातीचा एक्स-रे काढतात आणि त्वचेत टोचून करायची मॅन्टू किंवा रक्ताची इग्रा चाचणी करतात. बीसीजी घेतलेली असली तर मॅन्टूचा अर्थ धूसर होतो. इग्राला ती अडचण नाही. सुप्त संसर्ग दिसला तर आधी प्रतिबंधक उपचार, सहसा सहा महिने आयसोनियाझिड किंवा रिफापेंटिनसह 12 साप्ताहिक मात्रा. त्यातला निदान एक महिना झाल्यावर टीएनएफ-रोधक सुरू करता येते. भारताच्या 2021च्या प्रतिबंधक उपचारांच्या मार्गदर्शिकेत टीएनएफ-रोधक घेणारे आणि सिलिकोसिसचे रुग्ण एकाच यादीत आहेत.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या अनेक मराठी कुटुंबांचे नातेवाईक पुण्या-मुंबईला असतात, आणि आमवाताचे उपचार तिकडे सुरू करून रुग्ण ग्वाल्हेरला परततो. तिथल्या डॉक्टरांना आपण राहतो त्या भागात क्षय किती आहे, घरी कामाला येणाऱ्यांपैकी किंवा शेजारी कोणी औषधे घेत आहे का, हे आवर्जून सांगावे. आजोबांना झालेला क्षय लाजेने लपवला जातो. तोच इथे सर्वांत उपयोगाचा तपशील ठरतो. ग्वाल्हेरच्या जयारोग्य रुग्णालयासारख्या, आसपासच्या जिल्ह्यांतून क्षयरोगी येतात अशा ठिकाणी इंजेक्शनसाठी वारंवार जावे लागत असेल तर मास्क लावणे शहाणपणाचे.

हृदय निकामी झालेल्यांना आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार असलेल्यांना ही औषधे देत नाहीत. दोन्हींत प्रकृती बिघडल्याचे चाचण्यांत दिसले आहे. कुष्ठरोगात अचानक उठणाऱ्या वेदनादायक गाठींवर थॅलिडोमाइड लागू पडते, तेही काही अंशी टीएनएफची निर्मिती घटवून. गर्भवतीला मात्र ते कधीही द्यायचे नसते.

सुरुवातीच्या चाचण्या निर्दोष आल्या तरी औषध चालू असेपर्यंत क्षय नव्याने लागू शकतो. दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन, मानेतली गाठ किंवा फुगलेले पोट दिसले तर केवळ एक्स-रे स्वच्छ आहे म्हणून थांबू नये. क्षय ठरला की टीएनएफ-रोधक बंद करून क्षयाचे पूर्ण उपचार करतात. त्या काळात काहींचा ताप व गाठी आधी वाढतात, कारण परत आलेले टीएनएफ जंतूंवर जोराने तुटून पडते. ही वाढ औषध निकामी ठरल्याची खूण समजून उपचार सोडायचे नसतात.