तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाचे चिवट प्रवाळ

जानेवारी 2023 पासून जगातल्या सुमारे 84 टक्के प्रवाळ क्षेत्राला विरंजन (प्रवाळ पांढरे पडणे) घडवणाऱ्या उष्णतेची झळ बसली, ही बातमी 2025 च्या एप्रिलमध्ये आली. आता प्रवाळ संपलेच, असा समज त्यातून पसरतो. तो मला मान्य नाही. तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला, अकाबाच्या आखातात, चित्र बरेच वेगळे आहे.

प्रवाळ म्हणजे चुनखडीचा सांगाडा रचणाऱ्या इवल्या प्राण्यांची वसाहत. मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळेही अशाच एका प्राण्याचा सांगाडा असते. ते घातल्याने ग्रहाची पीडा टळत नाही, वसाहत मात्र तुटते. समुद्रतळावर भित्तिका, म्हणजे चुनखडीचे खडकासारखे बांध, रचणाऱ्या प्रवाळांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते आणि त्याने उन्हात बनवलेल्या साखरेवर प्राणी जगतो. पाणी तापले की शैवालाची प्रकाशसंश्लेषण यंत्रणा बिघडते. शोषलेली प्रकाशऊर्जा साखरेकडे न वळता ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू तयार करते. हे रेणू प्राण्याच्या पेशीही पोखरू लागतात, तेव्हा प्राणी शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. हेच विरंजन. त्या जागच्या नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानाहून एक-दोन अंश जास्त उष्णता काही आठवडे टिकली, तरी बहुतेक ठिकाणी एवढे घडते.

अकाबात उन्हाळी कमाल सुमारे 27 अंश असते. म्हणजे 29 अंशांना तिथले प्रवाळ पांढरे पडायला हवेत. पण 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तिथले ‘स्टायलोफोरा पिस्टिलाटा’ जातीचे प्रवाळ सुमारे दीड महिना अधिक उष्ण, अधिक आम्ल पाण्यात ठेवले. ते पांढरे पडले नाहीत, उलट त्यांच्या बऱ्याच क्रिया सुधारल्या.

याचे कारण हिमयुगात शोधावे लागते, असे प्रवाळांचे अभ्यासक माओझ फाइन आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये मांडले. मला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी जवळजवळ 120 मीटर खाली होती. तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाशी असलेल्या बाब-अल-मांदेब सामुद्रधुनीच्या उथळ उंबरठ्यावरून हिंदी महासागराचे पाणी जेमतेमच आत येई. तांबडा समुद्र इतका खारट झाला की प्रवाळांना तिथे जगणे जवळपास अशक्य झाले. बर्फ वितळून पातळी चढली, तेव्हा प्रवाळांचे तरंगते डिंभ, म्हणजे अळ्या, दक्षिणेकडून पुन्हा आत शिरले. पण वाटेत दक्षिण तांबड्या समुद्राचे 31-32 अंशांचे पाणी होते. त्या चाळणीतून उष्णता सोसणारेच पिढ्यानपिढ्या उत्तरेला सरकले. उत्तरेच्या गार पाण्यात स्थिरावल्यावरही त्यांची ती क्षमता टिकून राहिली. म्हणून तिथे स्थानिक तापमान आणि सहनशक्ती यांच्यात काही अंशांचे अंतर उरले आहे.

त्यांना ‘सुपर कोरल’ म्हणून निश्चिंत होणे मात्र चुकीचे आहे. हे अंतर मर्यादित आहे आणि आखातही तापतेच आहे. शिवाय ही क्षमता फक्त उष्णतेपुरती आहे. पाण्यात तांबे वाढले की हेच ‘स्टायलोफोरा’ कमी तापमानालाच खचतात, असे प्रयोगांत दिसले आहे. बोटींच्या तळाला शेवाळ, शिंपले धरू नयेत म्हणून लावतात त्या रंगात बहुधा तांबेच असते. जॉर्डन, इस्रायल, इजिप्त आणि सौदी अरेबिया या चौघांचे किनारे या चिंचोळ्या आखाताला लागतात. हवामान एकट्या-दुकट्या देशाच्या हातात नाही. पण बंदरातले रंग, सांडपाणी आणि तेलाची गळती यांवर हे चार देश आजही नियम करू शकतात.