दोन सेंटिमीटरनं बिघडलेली लढाई

झेरॉक्सवाल्यानं ए-थ्रीचा नकाशा ए-फोरवर 'बसवून' दिला आणि सोलापूरची १८१८ सालची लढाई बिघडली.

नकाशा भाचीचा, शाळेच्या प्रदर्शनासाठी केलेला. भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तलाव, जुनी पेठ. त्या वर्षीच्या मे महिन्यात ईस्ट इंडिया कंपनीच्या टॉमस मन्रोच्या फौजेनं इथं पेशव्यांच्या सैन्याला गाठलं. आधी पेठ पडली, मग किल्ला. कोपऱ्यात तिनं झोकात लिहिलं होतं, 'प्रमाण १ : ५०००'. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर.

ए-थ्रीचा ए-फोर करताना प्रत्येक लांबी साधारण ०.७१ पट होते. नकाशा आक्रसला, आकडा तसाच राहिला. खरं प्रमाण आता १ : ७०७१ झालं होतं. तिनं अंदाजानं मांडलेली हल्लेखोरांची एक रांग तटापासून दोन सेंटिमीटरवर दिसत होती. छापलेल्या आकड्यानं हिशेब केला तर शंभर मीटर, प्रत्यक्षात एकशे एक्केचाळीस. त्या काळच्या ठासणीच्या बंदुकीचा नेम शंभर मीटरच्या पुढं नशिबावरच असायचा. म्हणजे कागदावर जे शिपाई तटावरच्या गोळीच्या टप्प्यात उभे, ते खरे तर टप्प्याबाहेर!

भूगोलाच्या पुस्तकात शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण असे तीन प्रकार आपण पाच मार्कांसाठी पाठ केले होते. त्यातलं रेषाप्रमाण फोटोकॉपीला पुरून उरतं, कारण नकाशा आक्रसला की त्यावर काढलेली अंतराची पट्टीही तेवढीच आक्रसते. मोबाइलवर बोटांनी मोठी केलेली प्रतिमा असो की भिंतीवरचा प्रोजेक्टर, पट्टी खरंच बोलते.

क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या मोफत सॉफ्टवेअरच्या लेआउट खिडकीत ही पट्टी नकाशाला जोडलेली असते. तिचे भाग किती, प्रत्येक भाग किती लांबीचा, हे आपण ठरवायचं. त्यातल्या 'लेबल युनिट मल्टिप्लायर'नं, म्हणजे पट्टीवरचा 'एक' किती एककांचा हे सांगणाऱ्या रकान्यानं, तर मला खूश केलं. एकक किलोमीटर ठेवून तिथं ३.२ लिहा, भागाची रुंदीही ३.२ करा, झाली कोसाची पट्टी. कोस प्रांताप्रांतानं बदलायचा, म्हणून आपण दोन मैलांचा धरलाय हे शेजारी लिहिलेलं बरं.

एक खोड मात्र पट्टीच्याही आधीची. आपल्या नकाशाखाली पाया म्हणून घेतलेला वेबवरचा नकाशा बहुधा मर्केटर प्रक्षेपणाचा असतो आणि विषुववृत्तापासून दूर जावं तसा तो ताणत जातो. सोलापुरात लांबी सुमारे ५ टक्के फुगते, पानिपतला १५ टक्के. लढाईच्या नकाशाला यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येकाचं वेगळं केलेलं प्रक्षेपण, घ्यावं. सोलापूर त्याच्या ४३ व्या झोनमध्ये येतं.

आता खुणांची सूची. सॉफ्टवेअर ती आपोआप बनवतं, म्हणून भाचीच्या सूचीत 'पॉलिगॉन_फायनल_२' असं एक सैन्य उभं होतं. 'ऑटो अपडेट'ची खूण काढली की नावं बदलता येतात, क्रम लावता येतो, नको ते उडवता येतं. खुणा तिनं हल्लीच्या लष्करी पद्धतीच्या घेतल्या होत्या: चौकटीत फुली म्हणजे पायदळ, एकच तिरकी रेघ म्हणजे घोडदळ, ठिपका म्हणजे तोफखाना. आपले निळे, शत्रू लाल.

"मामा, यात आपले कोण?" तिनं विचारलं.

नकाशा काढणारा कुठल्या बाजूला उभा आहे, हे सूचीतच उघडं पडतं. आम्ही 'आपले' आणि 'शत्रू' खोडून 'पेशव्यांचं पायदळ', 'कंपनीचं पायदळ' असं लिहिलं.

चौकटीचा आकारही तपासला. सहाशे शिपायांची पलटण दोन रांगांत उभी केली आणि माणशी साधारण ५५ सेंटिमीटर धरले, तर रांग होते १६५ मीटरची. १ : ५००० वर ती ३.३ सेंटिमीटर भरते. भाचीची चौकट होती एक सेंटिमीटरची, म्हणजे पलटणीचे दोनतृतीयांश शिपाई गायब! खुणेचा आकार 'मिलिमीटर'ऐवजी 'मीटर्स ॲट स्केल' ठेवला की चौकट नकाशाच्या प्रमाणाबरोबर लहानमोठी होते. १ : ५०,००० वर मात्र तीच पलटण ३.३ मिलिमीटरची होईल आणि आतली फुली दिसायची नाही. तिथं खूण मोठी ठेवून सूचीत सरळ लिहावं, 'खुणा प्रमाणात नाहीत'.

अंकप्रमाण पुसून, पट्टी टाकून आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो.

"बसवून देऊ की पानात?" त्यानं विचारलं.

"द्या," भाची म्हणाली.