आयडॉलला प्रेमाची बंदी कायद्यात नाही

जपानमध्ये पॉप आयडॉल (एजन्सीने घडवलेले तरुण गायक-कलाकार) झालं की प्रेमात पडणं बेकायदा, असं वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगितलं जातं. असा कायदाच नाही. अट असते ती एजन्सीच्या करारात, नाहीतर नुसता अलिखित दंडक. धाक मात्र खरा. २०१३ मध्ये एकेबी४८ या मुलींच्या पॉप ग्रुपमधली मिनामी मिनेगिशी एका तरुणाच्या घरून निघताना साप्ताहिकात झळकली. मुंडण करून, रडत तिने व्हिडिओत माफी मागितली. (वय २०. गुन्हा काय, तर मित्राकडे गेली!) कोर्टाचंही एकमत नाही: २०१५ मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने एका माजी आयडॉलला प्रेमबंदीची अट मोडल्याबद्दल एजन्सीला सुमारे साडेसहा लाख येन भरायला लावले, तर जानेवारी २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एजन्सीचा असाच दावा फेटाळला. मिनेगिशीला तर काढलंही नाही. प्रशिक्षणार्थींत ढकललं, आणि पुढे २०२१ पर्यंत ती त्याच ग्रुपमध्ये होती.